मऊ पडलेलं लाकूड आणि मामाची गाडी

आपल्या वसतिगृहातल्या न्हाणीघराचं दार खालच्या बाजूला कधी अंगठ्याने दाबून पाहिलं आहे का? वरून रंग शाबूत असतो, पण आतलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मऊ झालेलं असतं. मग कोणीतरी त्यावर पत्र्याची पट्टी ठोकतं. पुढच्या वर्षी पट्टीच्या वरचं चार बोटं लाकूड सडतं. मग आणखी रुंद पट्टी! असं का होतं, हे मला वर्कशॉपच्या जर्नलमध्ये सापडलं नाही. ते मी माझ्या मामाच्या गाडीत शिकलो, आणि त्या शिकवणीची फी माझ्या मामीने भरली. म्हणून हा लेख लिहितो आहे.

गाडी आणि माझं पहिलं शहाणपण

मामाचा धंदा यात्रेत दुकान लावण्याचा. खेळणी, बांगड्या, टिकल्या. कळंबच्या चिंतामणीची यात्रा, वणीच्या रंगनाथ स्वामींची यात्रा, असा यवतमाळ जिल्ह्यातून त्यांचा फेरा चालतो. त्यासाठी त्यांनी जुनी मिनीबस घेऊन तिच्यातल्या सीट काढल्या आणि आत संसार मांडला. मागे वर-खाली दोन बर्थ, एका बाजूला गॅसची शेगडी, दुसरीकडे मालाची कपाटं. परदेशात अशा वाहनाला मोटरहोम म्हणतात. आपल्याकडेही २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. मामाच्या घरी मात्र तिला नुसतं ‘गाडी’ म्हणतात.

गाडीचा सांगाडा लोखंडी, बाहेरून पत्रा. आतल्या बाजूने दोन इंच बाय एक इंच लाकडी रिपा, रिपांवर प्लाय आणि प्लायवर सनमायका. खाली १२ मिलिमीटर प्लायची फरशी, तिच्यावर रेक्झिन. बर्थचे ब्रॅकेट साध्या स्क्रूने रिपांमध्ये कसलेले. बाहेरून जाणारे लोक पत्रा बघतात, पण आत झोपणाऱ्यांचं वजन पेलतं ते हे लाकूड.

२०२२ च्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा मागच्या कोपऱ्यात खालची भिंत दबते आहे असं मामा म्हणाले. मी पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजात येऊन तीन महिने झाले होते आणि अंगात इंजिनिअर संचारला होता. मी मऊ भाग थोडा खरवडला, लांबी भरली, वरून नवीन पातळ प्लाय चिकटवला आणि कडेने सिलिकॉनची नळी फिरवली. नऊशे रुपयांत काम फत्ते! मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, “पाहा, आमच्या भाच्यानं केलं हे.”

पुढचा पावसाळा जोरदार आला. २२ जुलै २०२३ ची अतिवृष्टी आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. त्या दिवशी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं होतं. मामाची गाडी तेव्हा यवतमाळात लिंबाखाली उभी होती. पुरात नव्हती, पण महिनाभर वरून भिजत होती. नंतर मी आत जाऊन पाहिलं, भिंत अगदी गुळगुळीत. मी खूश.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गणेश जयंतीच्या यात्रेला गाडी कळंबला होती. रात्री दुकान आवरून मामी वरच्या बर्थवर चढल्या आणि ब्रॅकेट भिंतीतून सुटून आलं. स्क्रू तुटला नव्हता. स्क्रूभोवतीचं लाकूडच मुठीएवढं निघून आलं. मामींच्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. धाकटा मामेभाऊ एरवी त्याच बर्थवर झोपतो, त्या रात्री तो खाली झोपला होता. मी भेटायला गेलो तेव्हा मामी मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट चहा करायला उठू लागल्या. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिस्त्रीबाबा काय म्हणाले

एप्रिलमध्ये मामांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी माझा प्लाय पटाशीने उचकटला. आतून ओल्या मातीसारखा वास आला. माझी लांबी जशीच्या तशी दगडासारखी घट्ट होती, पण तिच्या भोवतीची रीप बोटाने चुरत होती. मिस्त्रीबाबांनी ते लाकूड हातात घेऊन मला विचारलं, “पोरा, तू लाकूड सुधरवलं. पन याले पानी कोठून येते, थे पाह्यलं काय?”

मी पाहिलंच नव्हतं. इतकंच नाही, तर कडेने सिलिकॉन लावून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाटही मी बंद केली होती. दुरुस्ती केली नसती तर भिंत उघडी राहिली असती, थोडीफार वाळली असती आणि मुख्य म्हणजे दिसली असती. मी रोग बरा केला नाही, फक्त झाकला.

लाकूड सडतं म्हणजे नेमकं काय होतं?

लाकूड पाण्याने सडत नाही, बुरशीने सडतं. पाणी त्या बुरशीला जगवतं. बुरशीला चार गोष्टी लागतात : अन्न, हवा, ऊब आणि ओल. अन्न म्हणजे लाकूडच. हवा सगळीकडे असते. २० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान तिला मानवतं, म्हणजे आपला पावसाळा. या चारपैकी आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ओल.

ओल टक्केवारीत मोजतात. लाकडातल्या पाण्याचं वजन भागिले पूर्ण कोरड्या लाकडाचं वजन, गुणिले १००. सुमारे २८ ते ३० टक्क्यांपर्यंत पाणी पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेलं असतं. त्याच्या पुढे ते पेशींच्या पोकळीत मोकळं साठू लागतं आणि तेव्हा बुरशीचं फावतं. ओल २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर बुरशी वाढू शकत नाही. ‘कोरडी सड’ हा शब्द आपण ऐकतो, पण तो फसवा आहे. सडताना ते लाकूड ओलंच असतं, आपल्याला ते वाळल्यावर दिसतं एवढंच.

एका प्रकारची बुरशी लाकडातलं सेल्युलोज खाते आणि तपकिरी लिग्निन मागे ठेवते. सेल्युलोज हे लाकडातलं ताण घेणारं द्रव्य. काँक्रीटमधली सळई गेली आणि नुसता चुना-सिमेंट उरला, असं समजा. असं लाकूड तपकिरी होतं आणि चौकोनी तुकड्यांत तडकतं. सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी की, वजनात पाच-दहा टक्केच घट झालेली असते तेव्हाच धक्का सोसण्याची ताकद निम्म्याहून जास्त गेलेली असते. म्हणजे डोळ्याला लाकूड ठीक दिसतं, हाताला वजनदार लागतं आणि खड्ड्यातून गाडी उसळली की स्क्रू सोडून देतं.

पाणी आलं तरी कुठून?

आम्ही गाडी धुतली, छतावर अर्धा तास पाइप सोडला आणि आतून टॉर्च लावून बसलो. तीन वाटा सापडल्या.

पहिली वाट छतावरच्या कॅरियरच्या बोल्टची. बोल्टखालचं रबर उन्हाने कडक होऊन चिरलं होतं. पण पाणी बोल्टखाली टपकत नव्हतं. छताच्या लोखंडी कमानीवरून घरंगळत, खांबाच्या कडेने उतरत ते पाच फूट लांब, खालच्या आडव्या रिपेवर जाऊन साचत होतं. मऊ जागा एकीकडे, भोक दुसरीकडे. म्हणून मऊ जागेवर सिलिकॉन लावणं म्हणजे दुखतं पोट आणि बांधलं डोकं.

दुसरी वाट मागच्या चाकाच्या वरची. चाकाने उडवलेलं पाणी फरशीच्या प्लायला खालून लागत होतं. प्लायच्या कापलेल्या कडेला कधी रंगच लागला नव्हता. लाकूड तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकाकडून, पृष्ठभागापेक्षा कितीतरी झपाट्याने पाणी ओढतं. झाड जिवंत असताना पाणी त्याच दिशेने चढत असतं, तेव्हा यात नवल नाही.

तिसऱ्या वाटेचा मला अंदाजच नव्हता. ती म्हणजे आपला श्वास. झोपलेला माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चार माणसं, आठ तास, म्हणजे सव्वा लिटरच्या वर. शिवाय गॅस. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळाला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. पटत नसेल तर प्रोपेनचं समीकरण मांडून बघा, ४४ ग्रॅम गॅसमागे ७२ ग्रॅम पाणी. हिवाळ्याच्या रात्री खिडक्या बंद, बाहेरचा पत्रा गार. ही वाफ प्लायच्या मागे जाऊन पत्र्यावर थेंब धरते आणि खाली रिपेवर उतरते. म्हणजे पावसाळ्यात बाहेरचं पाणी आणि हिवाळ्यात आतलं. त्या रिपेला वाळायला उन्हाळ्याचे तीन महिने काय ते मिळत होते, आणि तेही मी सिलिकॉन लावून हिरावून घेतले.

मोजून बघितलं

सरांच्या परवानगीने मी तीन तुकडे कॉलेजच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवले, वजन कमी होणं थांबेपर्यंत. सडक्या रिपेचा तुकडा ६२ ग्रॅमचा ४४ वर आला, म्हणजे ओल ४१ टक्के. त्याच रिपेचा दोन हात वरचा, चांगला दिसणारा तुकडा ५८ वरून ५१ वर आला, म्हणजे सुमारे १४ टक्के. महिनाभर भिंत उघडी ठेवल्यावर, मे महिन्यात घेतलेला तुकडा ५२ वरून ४८ वर आला, म्हणजे ८ टक्के.

यात यवतमाळच्या उन्हाचा वाटा मोठा. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ते हळूहळू ४-५ टक्क्यांपर्यंत वाळू शकतं. पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रता असेल तर १८ टक्क्यांच्या आसपास राहतं. तेव्हा आपल्याकडे लाकडाची दुरुस्ती करायची ती एप्रिल-मे मध्ये. फक्त उघड्या उन्हात टाकू नका, लाकूड एकदम वाळून चिरतं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा.

दुरुस्ती : जसं केलं तसं

१. आधी वाटा बंद केल्या. कॅरियरचे सगळे बोल्ट काढून नवी रबरं घातली, भोकात आणि वायसरखाली पॉलियुरेथेन सीलंट भरलं. मग पुन्हा अर्धा तास पाइप. आत एक थेंब नाही, हे पाहिल्यावरच पुढे गेलो.

२. सगळं उघडं केलं. सनमायका, प्लाय, जिथवर डाग दिसला तिथवर आणि त्यापुढे. लोखंडी खांबांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड मारलं. पाच आठवडे गाडी शेडमध्ये, दारं-खिडक्या सताड.

३. सडकं लाकूड चांगल्या लाकडापर्यंत कापलं. ओळख साधी. पटाशीचं टोक दाबा. चांगल्या लाकडात लांब तंतूंची सळी उचलली जाते, सडक्यात तुकडा आखूड तुटतो. हातोडीने ठोका. चांगलं लाकूड टणकन वाजतं, सडकं बद्द. जिथे चांगलं लागलं त्याच्यापुढे आणखी एक वीत कापायचं, हा मिस्त्रीबाबांचा नियम.

४. नवीन तुकडा तिरप्या सांध्याने जोडला. सरळ कापून टोकाला टोक चिकटवलं तर सांधा टिकत नाही, कारण कापलेल्या टोकाला डिंक नीट धरत नाही. उतार एकास आठ ठेवला. २५ मिलिमीटर जाड रिपेला २०० मिलिमीटर लांबीचा उतार. दोन्ही उतार रंध्याने जुळवले आणि दोन भागांचं इपॉक्सी वजन करून, सारखं मिसळून लावलं. सुताराचा साधा पांढरा डिंक घरातल्या फर्निचरला उत्तम, पण ओल लागणाऱ्या जागी चालत नाही. इपॉक्सीही ओल्या लाकडाला धरत नाही, म्हणून ते आधीचे पाच आठवडे.

५. लाकूड कोणतं? आपला जिल्हा सागवानाचा. पण ‘सागवान आहे ना’ म्हणून डोळे मिटू नका. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, तिथल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे. सालीलगतचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी सडतं. आम्ही एका पाडलेल्या जुन्या घराच्या चौकटी घेतल्या. गाभ्याचं, वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड, नव्यापेक्षा स्वस्त. प्लाय घेताना शिक्का बघा. आय.एस. ३०३ चा साधा प्लाय घरात ठीक, पण फरशीसाठी आम्ही आय.एस. ७१० चा मरीन प्लाय घेतला. अर्थात तोही सडतच नाही असं नाही, त्याचा डिंक पाण्यात सुटत नाही एवढंच.

६. बुरशीविरुद्ध औषध. ४० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ६० ग्रॅम बोरॅक्स दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून, हातमोजे घालून, ब्रशने तीन हात दिले. कापलेल्या टोकांना जास्त. बोरॉन पाण्याबरोबर लाकडात आत जातो आणि पाण्याबरोबरच बाहेरही येतो, म्हणून त्यावर रंग हवाच. लाकूड टिकवायचं तांबं-क्रोम-आर्सेनिकचं जगप्रसिद्ध औषध आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये शोधलं. खांबांसाठी ते उत्तम, पण त्यात आर्सेनिक आहे. अमेरिकेत घरगुती लाकडासाठी त्याचा वापर २००३ च्या अखेरीस थांबवला गेला. जिथे माणसं झोपतात, जेवतात तिथे ते नको.

७. पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली. खालच्या पट्टीत दर दोन फुटांवर ६ मिलिमीटरचं भोक, पत्रा आणि रीप यांच्यात थोडी फट, छताला झाकणाचा झरोका. शेगडी चालू असताना आणि रात्रीही झरोका उघडा, हा आता मामींचा हुकूम आहे. त्याने ओल तर जातेच, बंद गाडीत गॅस जळताना माणसांनाही हवा लागते.

८. बर्थचं वजन लाकडावरून काढलं. दोन माणसं म्हणजे १३० किलो, खड्ड्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट धक्का. ब्रॅकेट आता १० मिलिमीटरच्या आरपार बोल्टने लोखंडी खांबालाच कसले आहेत.

भरायचं कुठे, बदलायचं कुठे?

बाजारात मऊ लाकूड कडक करणारं पातळ इपॉक्सी मिळतं. ते वाईट नाही. खिडकीच्या चौकटीचा नक्षीचा कोपरा असेल, फक्त रंग धरायचा असेल, तर वाळवून तसं करायला हरकत नाही. पण कडक झालेलं सडकं लाकूड म्हणजे पुन्हा जोडलेलं लाकूड नव्हे. त्यातले तंतू तुटले आहेत ते तुटलेलेच. ज्या लाकडाने वजन पेलायचं आहे ते बदला, ज्याने नुसता रंग पेलायचा आहे ते भरा. हा फरक मला २०२२ मध्ये कळला असता तर मामीचं मनगट वाचलं असतं.

आणखी एक. ट्रकवाले लोक लाकडाला जळालेलं इंजिन ऑइल फासतात. मालाच्या फळीला चालत असेल, पण त्यावर नंतर ना डिंक धरत ना रंग. झोपायच्या जागी वास वेगळाच, आणि शेगडीजवळ ते भिजलेलं लाकूड आगीला आमंत्रण आहे.

शेवटी

या सगळ्याला चौदा हजार रुपये आणि सुट्टीचे दीड महिने लागले. त्यानंतर २०२४ आणि २०२५ चे दोन पावसाळे गेले. मागच्या दिवाळीत मी खालची पट्टी मुद्दाम काढून पटाशी दाबली. लांब सळी उचलली गेली. मिस्त्रीबाबांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, “दरसाली पाह्यत जाय. एकदा पाहून होत नाई.” मामी आता पुन्हा वरच्या बर्थवर झोपतात. चढण्याआधी ब्रॅकेटला एक हिसका देऊन बघतात मात्र. मला ते दिसतं, आणि दिसलंच पाहिजे.

आता न्हाणीघराच्या दाराकडे परत येऊ. त्याला रंग मारतात तो दार चौकटीत असताना, त्यामुळे खालच्या कडेला ब्रश पोचतच नाही. नेमकी तीच कडा कापलेल्या टोकांची आणि तीच रोज पाण्यात. म्हणून पट्टी ठोकूनही ते सडत राहतं. उपाय खर्चिक नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दार बिजागरीतून उतरवायचं, वाळवायचं, सडलं तेवढं बदलायचं, खालच्या कडेला तीन हात रंग द्यायचा आणि दार फरशीपासून अर्धा इंच वर राहील असं बसवायचं. आमच्या मजल्यावरच्या सहा दारांची यादी मी रेक्टर सरांना दिली आहे. पटाशी, रंधा आणि बोरॅक्स माझ्याकडे आहे. परीक्षा संपल्यावर दोन जण मदतीला आले तर एका मजल्याचं काम दोन दिवसांचं आहे. येणाऱ्यांनी आपलं नाव खोली क्रमांकासह मेसच्या फळ्यावर लिहावं.